डब्यात न मावलेली तारीख

सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचा दिवस माझ्या रजेवर ठरवला गेला, आणि पहिली चूक तिथेच झाली.

ऐंशी ओलांडून वर काही महिने गेले की माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या असं धरतात आणि त्याला ओवाळतात. यात सोय अशी की हजारावी पौर्णिमा नेमकी कुठली, याच्यावर कोणी हुज्जत घालत नाही. हॉल मिळेल, गुरुजी मिळतील, पाहुणे येतील तो दिवस चांगला. सासूबाईंनी त्यात चौथी अट घातली. जावई आला पाहिजे. सासरे नाहीत, मुलगा नाही, माझी बायको एकुलती एक. तेव्हा पाटावर यजमान म्हणून बसणार लेक आणि जावई, असं त्यांनी पुण्यातल्या सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं.

या अटीमागे जुना राग होता आणि तो रास्त होता. बेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी बोटीवर सेकंड ऑफिसर होतो. मुलगी जन्मली तेव्हा मी ब्राझीलच्या किनाऱ्याबाहेर नांगर टाकून उभा होतो. सासरे गेले तेव्हा पोचलो तो थेट तेराव्याला, तेही जेवणं आटोपल्यावर. त्यानंतर बायकोने मला शांतपणे विचारलं होतं, "तू आमच्यात आहेस, की आम्ही तुझ्या वाटेवरचं एक बंदर आहोत?" मी बोट सोडली, सिंगापूरला जमिनीवर आलो आणि आंग मो किओमधल्या एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायला लागलो. यापुढे घरचं एकही कार्य चुकवायचं नाही, हा शब्द मी त्या वेळी दिला होता. तो आतापर्यंत पाळला होता, कारण मधल्या काळात कार्यच फारशी झाली नव्हती.

आमची कंपनी फायलींना कुलूप घालायचं सॉफ्टवेअर बनवते. फाईल अशी गुंडाळून ठेवायची की किल्ली असलेल्यालाच वाचता यावी. किल्ली म्हणजे आकड्यांची एक लांबलचक रांग, आणि प्रत्येक किल्लीला मुदत असते. मुदत संपली की किल्ली चालत नाही. माझं काम बसून त्यात खोट काढायचं. आयुष्यभर ज्याच्यात इतरांनी खोट काढली त्याला हे काम आवडावं यात नवल नाही.

कामाला लागलो त्या पहिल्या महिन्यात मला एक चाचणी लिहायला सांगितली होती. खूप लांबच्या मुदतीची किल्ली बनवायची, तिने एक फाईल बंद करायची, पुन्हा उघडायची. उघडली तर हिरवी खूण, नाही तर लाल. "लांबची कुठलीही तारीख टाक," असं मॅनेजर म्हणाला होता. कुठलीही म्हणजे कुठली? बोटीवर कुठलीही तारीख कोणी लिहीत नाही. मी दुपारी जेवताना कागदावर आकडेमोड केली आणि माझ्या मुलीला हजार चंद्र कधी पूर्ण होतील ते काढलं. दोन हजार नव्वद साल आलं. तीच तारीख चाचणीत टाकली. बाजूला शेरा म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलंसुद्धा: सहस्रचंद्रदर्शन, कन्या. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर फार खूश होतो. बाप कसा असावा याचा मी नमुना आहे, असं वाटत होतं.

ती चाचणी पुढे कित्येक वर्षं रोज हिरवी होत राहिली. रोज सकाळी आमचं सॉफ्टवेअर माझ्या मुलीला ऐंशीची करून दाखवायचं आणि सुखरूप परत आणायचं.

मग या वर्षी जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्याचं काम आलं. त्यांच्याकडे जुन्या पद्धतीचे छोटे सीलबंद डबे होते, म्हणजे पोळ्यांच्या डब्याएवढे कॉम्प्युटरच. कारखान्याचे नकाशे त्यात कुलूपबंद राहतात. आमचं नवं सॉफ्टवेअर त्या डब्यांत चढवायचं होतं. नमुन्याचा एक डबा आमच्याकडे आला. तपासणीच्या कागदावर सही माझी लागणार होती, कारण दुसरा तपासनीस रिझर्व्हिस्टसाठी, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी सरावाला, गेला होता. ज्याने सॉफ्टवेअर लिहिलं त्याने सही करायची नाही, हा आमच्याकडचा नियम. मॅनेजरने माझ्या रजेला होकार दिला, पण सही करूनच विमानात बस म्हणाला. सही व्हायला तीन आठवडे होते. मी बायकोला सांगितलं, "तिकिटं काढ, तिघांची."

डब्यावर पहिल्याच दिवशी माझी चाचणी लाल झाली. संदेश आला की किल्लीची मुदत संपली आहे.

आत्ता तर बनवली होती किल्ली. तिला मुदत दिली होती चौसष्ट वर्षांची. मी पुन्हा बनवली. पुन्हा संपली. डबा बंद करून चालू केला, वायर बदलली, डब्याला हळू आवाजात मराठीत जे बोलायचं ते बोललो. दहा दिवस मी हेच करत होतो, आणि दहा दिवस घरी गेल्यावर बायको विचारायची, "झाली का सही?"

"डबा ऐकत नाहीये."

"तू त्याच्याशी बोलतोयस ना? मग कसा ऐकेल. आम्ही तरी कुठे ऐकतो."

अकराव्या दिवशी ज्या मुलीने सॉफ्टवेअर लिहिलं होतं ती माझ्या टेबलाशी आली. इथल्याच चिनी घरातली, तिशीतली. मी बोटीवर होतो हे कळल्यापासून ती मला कॅप्टन म्हणते. सेकंड ऑफिसर कॅप्टनच्या दोन पायऱ्या खाली असतो हे मी तिला अनेकदा सांगितलंय. ती म्हणते, इथे तरी तुला कोण विचारतंय, घे कॅप्टन.

"कॅप्टन, मुदतीची तारीख डब्याला काय दिसतेय ते कधी छापून पाहिलंस का?"

पाहिलं नव्हतं. मी दिलेली तारीख मला माहीत होती, मग छापून काय पाहायचं? तिने दोन ओळी लिहिल्या आणि डब्याने तारीख छापली. एकोणीसशे चोपन्न.

ती बराच वेळ त्या आकड्याकडे आणि माझ्या शेऱ्याकडे आळीपाळीने बघत राहिली. "हे सहस्र... काय आहे?"

सांगावं लागलं. हजार चंद्र, मुलगी, ओवाळणं, सगळं.

"म्हणजे तुझी मुलगी ऐंशीची होण्याची पार्टी चोपन्न साली होऊन गेली," ती म्हणाली. "आपल्याला बोलावलं नाही लाह." लाह हे इथल्या बोलण्याचं शेपूट, त्याला वेगळा अर्थ नाही.

कारण साधं होतं, आणि ते मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. हे जुने डबे एकोणीसशे सत्तरपासूनचे सेकंद मोजून तारीख लक्षात ठेवतात. सेकंदांच्या आकड्याला त्यांच्याकडे जागा बेताची, आमच्या ऑफिसातल्या मोठ्या यंत्रांसारखी ऐसपैस नाही. दोन हजार अडतीसच्या जानेवारीत ती जागा भरते. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवनंतर शून्यावर यायचा, तसं पुढच्या सेकंदाला हे थेट एकोणीसशे एकमध्ये जाऊन पडतात आणि तिथून पुन्हा मोजायला लागतात. माझं नव्वद साल असं घरंगळत चोपन्नमध्ये जाऊन बसलं होतं. हे अडतीस सालचं प्रकरण आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ते ठाऊक होतं. फक्त माझ्या मुलीच्या तारखेला ते लागू होईल असं वाटलं नव्हतं.

"तीस साल टाक," ती म्हणाली. "हिरवं होईल. सही कर, घरी जा."

इथे मी तिचं ऐकलं असतं तर हे लिहायला कारणच उरलं नसतं. पण दहा दिवस वाया गेल्यावर माणसाला आपण हुशार आहोत हे कुठेतरी सिद्ध करायचं असतं. मी म्हटलं, थांब, हद्दीवर नेमकं काय होतं ते डोळ्यांनी पाहू. आणि मी डब्याचं घड्याळच अडतीस सालच्या त्या दिवसाच्या पलीकडे नेऊन ठेवलं.

सेकंड ऑफिसरकडे बोटीचा क्रोनोमीटर, म्हणजे बोटीची जागा काढायला लागणारं अचूक घड्याळ, असतो. त्याचा पहिला नियम असा की त्याला हात लावायचा नाही. पुढे असो की मागे, काटे फिरवायचे नाहीत, किती चुकतोय ते वहीत लिहायचं. हा नियम मी वीस वर्षं कॅडेटांच्या डोक्यात हाणला. आणि त्या सकाळी एका बोटाने घड्याळ बारा वर्षं पुढे सरकवलं.

डबा एकोणीसशे एकमध्ये गेला. तिथून त्याने स्वतःच्या मुख्य किल्लीकडे पाहिलं आणि ठरवलं की ही किल्ली अजून जन्मालाच आलेली नाही, म्हणजे ही बनावट आहे, म्हणजे कोणीतरी चोर घुसलाय. आणि त्याने स्वतःला आतून कायमचं बंद करून घेतलं. घड्याळ मागे आणायलाही मुख्य किल्ली लागत होती. छोटा लाल दिवा लागला आणि तो काही केल्या विझेना.

"कॅप्टन," ती म्हणाली, "तू डबा मारलास."

मॅनेजर जन्माने इथलाच, तमिळ घरातला, आवाज कधी चढवत नाही. त्याने दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझी फ्लाइट कधी आहे?" सहा दिवसांनी, मी म्हटलं. "मग उद्या जुरोंग आयलंडला जा. त्यांच्याकडे एक जादा डबा आहे. स्वतः जाऊन माग."

दुसऱ्या दिवशी पास काढून, सुरक्षेचा व्हिडिओ पाहून, त्याच्यावरच्या प्रश्नांची उत्तरं देऊन मी कारखान्याच्या बसमधून आत गेलो. डबे ज्याच्या ताब्यात होते तो इंजिनियर निघाला रत्नागिरीकडचा. माझ्यासारखाच जुना बोटीवरचा, फक्त इंजिनरूममधला. डेक आणि इंजिन यांचं बोटीवर जे वाकडं असतं ते जमिनीवर आल्यानेही जात नाही.

"डेकवाले ना तुम्ही?" माझा कागद वाचून तो म्हणाला. "मग बरोबर. आम्ही खाली मशीन चालवायचो, तुम्ही वर घड्याळं बिघडवायची."

"घड्याळ बरोबर होतं हो. तारीख मावली नाही."

"तेच ते. मावत नाही तिथे घालायची सवय." त्याने कपाटातून डबा काढला, पुसला, माझ्या हातात दिला आणि चहा मागवला. चहा पिता पिता तो म्हणाला, "एक मात्र बरं करताय तुम्ही. किल्लीला लांब मुदत देता येते म्हणे नव्यात. मी सगळ्या डब्यांना वीस वर्षांची देऊन टाकणार आहे."

माझा कप ओठांशी तसाच थांबला. "वीस? पाचपाच वर्षांची देणार होतात ना? आमच्या कागदावर पाच आहे."

"कागद ऑफिसातल्यांनी लिहिला. दर पाच वर्षांनी चाळीस डब्यांच्या किल्ल्या बदलत फिरणार कोण? मी. त्यापेक्षा वीस टाकतो, तोपर्यंत मी निवृत्त होऊन गुहागरला जाऊन बसलेला असेन."

परतीच्या बसमध्ये मांडीवर डबा घेऊन मी मनात मोजत होतो. आज अधिक वीस. अडतीसच्या कितीतरी पलीकडे. म्हणजे हा गृहस्थ वीस वर्षांची मुदत टाकणार, डबा निमूट हो म्हणणार, कारखान्याचे सगळे नकाशे कुलपात घालणार, आणि उघडायला गेलं की सांगणार, किल्लीची मुदत माझ्या आजोबांच्या लहानपणीच संपली. नकाशे गेले. डबा चूक करतोय हे इतकं वाईट नव्हतं. तो आधी हो म्हणतोय हे वाईट होतं.

मी तीस साल टाकून सही केली असती तर हे कोणालाही कळलं नसतं, निदान लगेच तरी. प्रामाणिकपणे सांगतो, बस पुलावरून जात असताना मी हाच विचार करत होतो. कागदावर पाच वर्षं लिहिलेली आहेत. सही पाच वर्षांसाठीच करायची. वीसचं आपण ऐकलंच नाही. चहा प्यायलोच नाही. डोळ्यांपुढे सासूबाई पाटाशेजारी बसलेल्या दिसत होत्या, आणि त्या माझ्या बाजूने बोलत होत्या.

ऑफिसात पोचल्यावर मी नव्या डब्यात एक किल्ली वीस वर्षांची बनवली, एक फाईल बंद केली, आणि उघडायला गेलो. उघडली नाही. मग बसून अहवाल लिहिला. डब्याने हद्दीपलीकडची मुदत मुळात घेताच कामा नये, किल्ली बनवतानाच स्पष्ट शब्दांत नकार द्यावा. आणि माझी चाचणीही चूक होती. मोठ्या यंत्रांवर नव्वद साल चाललंच पाहिजे, छोट्या डब्यांवर ते नाकारलंच पाहिजे, आणि नाकारलं तर ती हिरवी खूण. एकच चाचणी दोघांना लावून मी डब्याला दहा दिवस शिव्या घातल्या होत्या.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या त्या मुलीने वाचलं आणि खुर्चीत मागे टेकली. "दुरुस्तीला पाच दिवस. मग तुझी तपासणी. तुझी फ्लाइट?"

"पाच दिवसांनी."

"तू हे तिकडून तपासू शकत नाहीस?"

डबा सीलबंद, इमारतीबाहेर न्यायची परवानगी नाही, दूरवरून चालवायची तर मुळीच नाही. तिलाही ते माहीत होतं. विचारायचं म्हणून विचारलं. मॅनेजरने अहवाल दोनदा वाचला. "कागदावर पाच वर्षं आहेत," तो सावकाश म्हणाला. मी म्हटलं, आहेत. शेवटी त्याने रजेच्या अर्जावरची माझी तारीख खोडली आणि पेन टेबलावर ठेवलं.

घरी सांगायला मी मरीन परेडच्या फ्लॅटखालच्या बाकावर पंधरा मिनिटं वाक्य जुळवत बसलो होतो. वर गेल्यावर एकही आठवलं नाही.

"डब्यामुळे?" बायकोने विचारलं. बॅगा कॉटवर उघड्या होत्या. माझा रेशमी कुर्ता घडी करून वर ठेवलेला होता.

"डब्यामुळे नाही. तो माणूस वीस वर्षांची मुदत टाकणार आहे."

"मग त्याला फोन करून सांग ना, नको टाकू म्हणून."

"सांगितलं. तो म्हणाला बरं. पण तो एकटा नाही. उद्या त्याच्या जागी दुसरा येईल आणि टाकेल. डब्याने स्वतः नाही म्हणायला पाहिजे."

"डब्याने नाही म्हणायला पाहिजे," ती म्हणाली. "तू मात्र ऑफिसला नाही म्हणू शकत नाहीस." तिने कुर्ता उचलला आणि कपाटात ठेवला. पुढचे दोन दिवस आमच्या घरी जे बोलणं झालं ते मुलीमार्फत.

मुलीला मी सगळं समजावलं. ती सोळाची आहे, समजावलेलं तिला आवडत नाही. "सो यू युज्ड माय डेट," ती म्हणाली. "बाबा, विचारायचं ना आधी. मे बी आय डोन्ट वॉन्ट टू बी एटी लाह."

त्या दोघी गेल्या. मी विमानतळावर सोडायला गेलो आणि तिथून सरळ ऑफिसला.

दुरुस्ती ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा हातात आली, म्हणजे नेमकी कार्याच्या दिवशी. सुट्टीचा दिवस होता. मजल्यावर मी, डबा आणि पोछा मारणाऱ्या मावशी. पुण्यात साडेनऊला पूजा सुरू झाली तेव्हा इथे बारा वाजत होते. मुलीने फोन एका खुर्चीवर उभा करून ठेवला होता, त्यामुळे मला बराच वेळ फक्त गुरुजींचे गुडघे दिसत होते.

"यजमान कुठे आहेत?" गुरुजींनी विचारलं.

"सिंगापूरला," बायकोचा आवाज. एवढंच.

"येणार नाहीत? मग सुपारी घ्या. कमरेला खोचा आणि बसा, त्यांच्या जागी ती चालते."

कोणीतरी सुपाऱ्यांची वाटी आणली. सासूबाई त्यात बघत होत्या. "ती नको, ती दुसरी द्या," त्या म्हणाल्या. "गुळगुळीत बघून घ्या. आमच्या जावयाला टक्कल आहे."

सगळा हॉल हसला. बायकोही हसली असावी, कारण फोन हलला. मी हसलो नाही. माझ्या जागी एक सुपारी माझ्या बायकोच्या कमरेला बसली होती, आणि कोणाचंही काही अडलं नव्हतं. संकल्प सुटला. सासूबाईंना ओवाळलं. निरांजनांच्या मागे त्यांचा चेहरा अर्धवट दिसत होता, कारण कोणाची तरी पाठ मध्ये येत होती. मी फोनला "जरा बाजूला व्हा" म्हटलं, पण आवाज बंद होता.

मधेच मी डब्याला वीस वर्षांची मुदत दिली. त्याने क्षणभर विचार केला आणि लिहिलं, ही मुदत या यंत्राच्या मर्यादेपलीकडची आहे, किल्ली बनवली नाही. मग नव्वद साल दिलं. तेच उत्तर. खूण हिरवी. मग सदतीस साल दिलं. किल्ली बनली, फाईल बंद झाली, उघडली. मी प्रत्येक गोष्ट तीनतीनदा केली, कारण सही करून झाल्यावर करायला काहीच उरणार नव्हतं.

सही केली तोवर तिकडे पानं मांडायला लागली होती. मुलीने फोन आजीच्या हातात दिला. सासूबाईंनी तो इतका जवळ धरला की मला फक्त कपाळ आणि हळदकुंकू दिसत होतं. तिकडून खुणा झाल्या म्हणून मी आवाज चालू केला.

"झालं का तुमच्या यंत्राचं?"

"झालं, आई. आत्ताच."

"काय म्हणालं?"

"नाही म्हणालं."

"नाही म्हणालं, म्हणजे बिघडलंय?"

"नाही, नीट झालं. त्याने नाहीच म्हणायला हवं होतं."

"म्हणजे एवढं नाही म्हणवून घ्यायला तुम्ही तिथे थांबलात."

"हो."

"बरं," सासूबाई म्हणाल्या, आणि फोन तसाच हातात धरून वाढप्याला सांगू लागल्या की पहिल्या पंगतीत एक पान कमी करा.